माडीवरचा घाट

ते बोगद्यात असताना त्यांच्याशी बोलायचे नाही, असा नियम होता. नियम साधा होता, पण पाळायला अवघड, कारण ते बोगद्यात कधी शिरले आणि कधी बाहेर आले हे त्यांच्याशिवाय कोणालाच कळत नसे. इतरांना दिसे ते इतकेच: लोणावळ्याच्या भांगरवाडीत, एका दुमजली घराच्या माडीवर, चालण्याच्या यंत्रावर एकसष्ट वर्षांचा एक माणूस चालतो आहे. पायात जाड तळव्याचे काळे बूट. समोर कोपराइतक्या उंचीचे टेबल, त्यावर उघडी वही. उजव्या हातात पेन्सिल. डाव्या हातात काही नाही, पण मूठ अशी वळलेली की तिच्यात हातोड्याचा दांडा असावा.

त्यांची बायको, जिला आळीत सगळे मावशी म्हणत, चहा घेऊन जिन्यापर्यंत येई. "निवतोय," ती म्हणे. त्यांचा डावा हात वर जाई, तळवा बाहेर.

"बोगद्यात हाय."

मावशी कप हातात धरून जिन्यातच उभी राही. एकदा तिने मला विचारले, "पेपरवाले, घाटात बोगदे किती हायेत वो?" मी आकडा शोधून सांगितला. तिने तो ऐकला आणि त्या दिवसापासून कपावर बशी झाकायला सुरुवात केली.

आळीत त्यांना भाऊ म्हणत. त्यांची मुलगीही भाऊच म्हणे. मी त्यांच्या माडीवर दोन वर्षे आणि काही महिने भाडेकरू होतो. यंत्र माझे होते, हे इथेच नोंदवून ठेवतो, कारण पुढे ते कोणाचे याबद्दल घरात एकमत राहिले नाही.

मी तेव्हा पुण्यातल्या एका दैनिकाच्या वेबसाइटचे काम घरून करत असे. सकाळी सहा ते दुपारी दोन. बसून बसून कंबर धरली, तेव्हा डॉक्टरांनी खुर्ची सोडायला सांगितले. खंडाळ्याच्या बंगल्यांची कामे करणाऱ्या एका सुताराकडून मी उंच टेबल करून घेतले आणि त्याखाली सरकेल असे बिनदांड्याचे, सपाट यंत्र मागवले. लांबी एकशे अठ्ठेचाळीस सेंटिमीटर. त्यावर चालत मी बातम्या तपासू लागलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी दारावर थाप पडली. भाऊ होते. नमस्कार वगैरे झाला नाही.

"पेपरवाले, उजवा पाय हलका पडतोय तुमचा."

माझ्या उजव्या टाचेला कुरूप होते. ते मी डॉक्टरांनाही सांगितले नव्हते. भाऊंनी ते खालच्या खोलीत, छताकडे पाहत, तीन दिवस ऐकून काढले होते. मग त्यांची नजर यंत्रावर गेली. मी ते चालू करून दाखवले.

"हे कुटं जातं?"

"कुठेच नाही."

"मग तुमी?"

"मीही नाही."

त्यांनी थोडा विचार केला. "आन हे तुमचं काम हाय."

"हो."

"बरं हाय," ते म्हणाले आणि खाली गेले.

भाऊ रेल्वेत कीमन होते. कीमन म्हणजे रोज ठरलेल्या टप्प्यात रुळांवरून पायी जाणारा माणूस. रूळ खालच्या आडव्या तुळयांना, म्हणजे स्लीपरना, धरून ठेवणाऱ्या चाव्या गाड्यांच्या हादऱ्याने सैल होतात. त्या हातोड्याने ठोकून बसवायच्या, काही तुटलेले दिसले तर लाल झेंडी दाखवून गाडी थांबवायची. जाताना एका रुळाची पाहणी, येताना दुसऱ्याची. भाऊंनी हे काम घाटात, खंडाळ्यापासून खाली मंकी हिलपर्यंत आणि परत, वर्षानुवर्षे केले. त्याआधी ते त्याच भागात रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमध्ये होते. त्यांचे गाव बेडसे. वडील तिथे भातशेती करत. भाऊ सांगत की घरातला रुळावर गेलेला पहिला माणूस ते, आणि लेण्यांच्या पायऱ्या न मोजता चढणारा शेवटचा माणूसही तेच, कारण नोकरी लागल्यावर त्यांना काहीही न मोजता चढता येईना.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी स्वतःसाठी एक नियम केला: अंगावरचा ड्रेस उतरला की रुळावर पाय नाही. भांगरवाडीतली निम्मी माणसे बाजारात जाताना रूळ ओलांडतात. भाऊ पुलावरून वळसा घालून जात. पुलावर उभे राहून खाली रूळ ओलांडणाऱ्यांना ते नावाने हाक मारत, त्यामुळे काही जण त्यांना पाहून पुलाकडे वळत आणि काही जण जास्त भरभर ओलांडत.

रस्त्यावर चालणे त्यांना जमत नसे. शनिवार-रविवारच्या मोटारी हे एक कारण होते, पण मुख्य कारण वेगळे होते. "रस्त्याला स्लीपर न्हाईत. पाय कशावर टाकायचा ते ठरत न्हाई. मग डोकंबी ठरत न्हाई," असे त्यांचे म्हणणे होते.

माझ्या कामात ते लक्ष घालू लागले ते अंतरामुळे. एकदा ते माझ्या मागे उभे असताना मी एक मथळा दिला: घाटात दरड कोसळली, वाहतूक विस्कळीत.

"कुटं?" भाऊ म्हणाले.

"घाटात."

"घाट लय मोठा हाय, पेपरवाले. किती किलोमीटरला?"

मी वार्ताहराला फोन केला. त्याला माहीत नव्हते. त्याने आणखी कोणाला फोन केला आणि वीस मिनिटांनी किलोमीटरचा आकडा आला. भाऊंनी तो ऐकला. "मग वरच्या अंगाची. तितं दगड सुटतो, माती न्हाई येत. दुपारपर्यंत मोकळं हुईल." दुपारी दीडला मार्ग मोकळा झाला. नोकरीत मला बरेच संपादक भेटले. "कुटं" हा प्रश्न इतक्या वेळा विचारणारा दुसरा कोणी आठवत नाही.

त्यांच्या मुलीचे नाव प्रज्ञा. पदवीनंतर तिने रेल्वेच्या परीक्षा दिल्या आणि रूळ-देखभालीच्या गँगमध्येच तिची निवड झाली. शारीरिक चाचणीत ओझे उचलून न्यायचे असते, म्हणून ती दोन महिने रविवारी तांदळाचे पोते खांद्यावर घेऊन बेडश्याच्या लेण्यांच्या पायऱ्या चढली. पुण्याहून लेणी पाहायला आलेल्या एका गटाने तिला वर तांदूळ कोणासाठी नेतेस असे विचारले. "बापासाठी," ती म्हणाली. भाऊ वरच्या पायरीवर घड्याळ लावून उभे होते.

पहिली नेमणूक बेगडेवाडीच्या बाजूला, सपाटीवर झाली. तोवर घरात काही बदलले नाही. मग एप्रिलच्या अखेरीस बदलीचा कागद आला: घाट. चार आठवड्यांनी हजर व्हायचे. जूनपासून पावसाळी गस्त.

त्या संध्याकाळी मावशी विहारात गेली आणि नेहमीपेक्षा उशिरा परतली. भाऊंनी दुकानातून दोनशे पानी वही आणली.

वहीत त्यांना घाट उतरवायचा होता. कुठे रुळाला वळण आहे आणि गाडी ऐकू येण्याआधी दिसत नाही. कुठे झरा कोरडा दिसतो पण तासाभराच्या पावसात रुळापर्यंत येतो. कुठे माकडे दगड पाडतात. बोगद्यात गाडी आली तर अंग चोरून उभे राहायला भिंतीत कोनाडे असतात, ते नेमके कुठे आहेत. हे सगळे त्यांना माहीत होते. मुलीला माहीत नव्हते. मध्ये चार आठवडे होते.

ते स्वयंपाकघरात पाटावर बसले आणि लिहू लागले. तीन दिवसांत अकरा ओळी झाल्या. चौथ्या दिवशी त्यांनी त्यांतल्या सहा खोडल्या. "बसून आठवत न्हाई," ते म्हणाले. मग वही घेऊन आळीत चालत चालत आठवायचा प्रयत्न झाला. आठवले की विजेच्या खांबाला वही टेकवून लिहायचे. त्या काळात आळीतली कुत्री त्यांच्यावर भुंकू लागली. आधी कधी भुंकली नव्हती.

एके दिवशी दोन वाजता मी काम संपवून यंत्र बंद केले, तेव्हा ते दारात उभे होते. हातात वही, पायात बूट.

"दोननंतर हे मोकळं असतंय न्हवं?"

अशी सुरुवात झाली. दुसऱ्या दिवशी यंत्राच्या काळ्या पट्ट्यावर पांढऱ्या ऑइलपेंटच्या चार आडव्या रेघा होत्या. मला विचारले नव्हते. विचारले असते तर मी नको म्हणालो असतो, हे त्यांना ठाऊक असावे. रेघा म्हणजे स्लीपर. पट्टा फिरून येई आणि चार स्लीपर पुन्हा पुन्हा पायाखाली येत. त्यांनी त्या मापल्या नव्हत्या. पाय टाकून पाहिला होता आणि पाय जिथे पडला तिथे रेघ ओढली होती. चारही अंतरे पट्ट्यावर बरोबर बसली, कमी नाही, जास्त नाही. त्यामुळे कोणाला शंका आली नाही. मलाही नाही, आणि शंका घेणे हे माझे काम होते.

चालताना ते मोजत. ओठ हलत, आवाज नसे. मधेच पेन्सिल वहीकडे जाई. वेग बदलत नसे. अक्षर वाकडे येई आणि त्याची त्यांना खंत नव्हती. "बसून लिहिलेलं अक्षर सुबक असतं," ते म्हणत. "खरं असंलच असं न्हाई."

वहीत पाच रकाने होते. किलोमीटरचा खांब. तिथून कितवा स्लीपर. काय आहे. काय जपायचे. पाचव्या रकान्यावर 'सही' लिहिले होते आणि तो सगळा कोरा होता. मी विचारले.

"जो जागेवर जाऊन बघून आला, त्यानं सही करायची."

"तुम्ही पाहिलेलेच आहे."

"मी आता जाऊन आलो का? मी तुमच्या माडीवर हाय."

माझ्या खिडकीतून मुख्य मार्ग दिसतो. गाडी आली की भाऊ पट्ट्यावरून खाली उतरत, खिडकीकडे तोंड करून सरळ उभे राहत आणि शेवटचा डबा जाईपर्यंत तिच्या चाकांकडे पाहत. पट्टा त्यांच्याविना फिरत राही. गाडी गेली की ते वर चढत आणि राहिलेला आकडा पुढे मोजू लागत. दोन ते पाच या वेळात त्या मार्गावर गाड्या बऱ्याच आहेत. मी एका दुपारी त्यांच्या चढउतारांची नोंद ठेवायला घेतली आणि तासाभराने सोडून दिली.

आठवड्याने ते अडले. खंडाळा सोडल्यावर पहिला टप्पा उतरला, मग काही येईना. ते चालत होते, ओठ हलत नव्हते. दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी ते थांबले, खाली वाकले आणि यंत्राच्या कडेला गाल लावून त्याच्या पातळीकडे पाहिले.

"सपाट हाय हे," ते म्हणाले. दोष माझा असल्यासारखे.

घाटातल्या रुळांचा उतार एकास सदतीस आहे. सदतीस पावले पुढे गेले की एक पाऊल खाली. सकाळी ते उतरत आणि नंतर चढत, आणि त्यांचा अर्धा घाट पोटऱ्यांमध्ये होता. त्यांनी यंत्राची लांबी विचारली. मी एकशे अठ्ठेचाळीस सांगितली. त्यांनी टेबलावर पेन्सिलने सदतीसने भागले. चार.

चार सेंटिमीटर उंचीचा स्वयंपाकघरातला पाट निघाला. ते तो घेऊन येत असता मावशीचा आवाज जिन्यात आला. "आता जेवायला बसायचं कशावर?"

"तू बस की दुसऱ्यावर."

"दुसरा तुमी मागच्या म्हैन्यात कुंडीखाली घातलाय."

पाट यंत्राच्या मागच्या टोकाखाली गेला. भाऊ चढले आणि उतरू लागले. तिसऱ्या मिनिटाला ओठ हलू लागले. त्या दुपारी दोन पाने भरली. पुढे रोज मंकी हिल आले की ते थांबत, पाट काढून पुढच्या टोकाखाली सरकवत आणि परतीचा चढ सुरू करत. परतल्यावर कधी कधी ते पाट उद्यासाठी पुन्हा मागच्या टोकाखाली लावून जात. एक आठवडा मी सकाळच्या सगळ्या बातम्या घाट उतरत दिल्या. त्या आठवड्यात माझा मजकूर नेहमीपेक्षा लवकर गेल्याचे कार्यालयातून कळवण्यात आले.

वही हजर व्हायच्या तारखेच्या चार दिवस आधी पुरी झाली. प्रज्ञाने ती घेतली नाही.

हे जेवणाच्या वेळी झाले. मलाही त्या दिवशी खाली बोलावले होते, त्यामुळे हे मी प्रत्यक्ष ऐकलेले आहे.

"भाऊ, आम्हाला ट्रेनिंगमध्ये सगळं दिलंय," ती म्हणाली. "गस्तीला जीपीएस असतो. मी कुठे आहे ते वर ऑफिसात दिसतं."

"त्यो तू कुटं हायेस ते सांगंल. बाजूला कुटं व्हायचं ते सांगंल का?"

"आणि गँगमध्ये तुमची वही काढून उभी राहिले की सगळे काय म्हणतील? कीमनची पोरगी बापाला विचारून चालते."

"म्हणू दे."

"तुम्हाला चालेल. तुम्ही माडीवर असणार."

भाऊंनी भाकरी मोडली. मग काही झालेच नाही अशा सुरात म्हणाले, "दुसऱ्या बोगद्याच्या तोंडापासून पंचेचाळीस स्लीपर. डाव्या हाताला कोनाडा."

"भाऊ."

"पंचेचाळीस. डावा हात."

पुढचे चार दिवस ते वाक्य घरात होते. चहाच्या वेळी, बूट घालताना, दार लावताना. मावशी भाजी निवडता निवडता ते म्हणू लागली. मीही एकदा मथळ्याच्या चौकटीत पंचेचाळीस लिहिलेले नंतर पाहिले आणि खोडले. प्रज्ञा ऐकल्याचे दाखवत नसे.

घाटातल्या पहिल्या दिवशी ती साडेचारला परतली आणि बूट न काढता थेट माडीवर आली. भाऊ चालत होते. वही पुरी झाली तरी त्यांनी चालणे थांबवले नव्हते; आता ते तपासत होते. तिने तोंड उघडले. त्यांचा हात वर गेला.

"बोगद्यात हाय."

तिने यंत्राची पिन भिंतीतून उपटली. पट्टा थांबला.

"बोगद्यात मी होते आज," ती म्हणाली. "पंचेचाळीसला भिंत आहे."

झाले होते ते असे. गँग बोगद्यात शिरली, मुकादम पुढे, बॅटरी लावलेली, त्या वेळात गाडी येणार नव्हती. मोजायचे नाही असे तिने ठरवले होते. पायांनी मोजले. पंचेचाळीसला तिने अंधारात डावा हात बाहेर टाकला. ओली, सरळ भिंत. आणखी दोन स्लीपर, भिंतच. मागून मुकादमाचा माणूस म्हणाला, काय चाचपतेस? तिने हात मागे घेतला.

"गाडी असती तर?" प्रज्ञा म्हणाली.

भाऊंनी वहीतल्या त्या ओळीवर बोट ठेवले. "किती पुढं होता?"

"मोजलं नाही पुढे."

त्यांनी वही मिटली, पेन्सिल आत ठेवली आणि खाली गेले. पाट मागच्या टोकाखालीच राहिला.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता जिन्यात पाऊल वाजले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी मावशी वर आली. ती माडीवर एरवी जिन्यापुढे येत नसे.

"पेपरवाले, यंत्र बिघडलंय का?"

"नाही."

"मग तुमी सांगा त्यास्नी. बसल्यात." तिने आवाज खाली आणला. "खुर्चीवर. सकाळधरनं. गाडी गेली तरी उठत न्हाईत."

मी खाली गेलो. भाऊ खरेच बसले होते. इतक्या काळात मी त्यांना जेवणाशिवाय बसलेले पाहिले नव्हते. वही दिसत नव्हती. ती पत्र्याच्या ट्रंकेत, ड्रेसखाली गेली होती, हे मावशीने नंतर सांगितले. मी यंत्र मोकळे असल्याचे सांगितले.

"त्याला काय करायचं," भाऊ म्हणाले. "एक आकडा चुकला म्हंजी सगळी वही चुकली. कुठला बरोबर, कुठला न्हाई, ते तिला अंधारात कसं कळावं?"

बातमीलाही हाच नियम लागू असतो.

त्याच संध्याकाळी पाच वाजता प्रज्ञा आली. हातात मुकादमाकडून आणलेली पोलादी टेप होती. ती दारातूनच म्हणाली, "भाऊ, वर चला."

"कशाला?"

"ड्युटी आहे."

ते उठले. मावशीही मागोमाग आली. प्रज्ञाने यंत्रापाशी गुडघे टेकले आणि पट्ट्यावरच्या दोन पांढऱ्या रेघांमधले अंतर मापले. अडुसष्ट सेंटिमीटर. दुसरे मापले. अडुसष्ट.

"घाटात आता सिमेंटचे स्लीपर आहेत," ती म्हणाली. "साठवर. आज मुकादमांना पंचेचाळीसचं सांगितलं तर ते रुळावरच बसून हसले. म्हणाले, तुझ्या बापाचे स्लीपर लाकडी हायेत गं."

भाऊ पहिल्यांदा घाटात आले तेव्हा लाकडी स्लीपर होते, थोडे लांब लांब. त्यांच्या मुकादमाने त्यांच्याकडून प्रत्येक जागा तेव्हा मोजून पाठ करून घेतली. पुढे सिमेंटचे आले, जवळ जवळ बसले. तोवर भाऊंना जागा माहीत झाल्या होत्या आणि मोजायची गरज उरली नव्हती. पाय नव्या अंतरावर पडू लागले. आकडे जुनेच राहिले. मग माझ्या पट्ट्यावर रेघा ओढताना पाय तरुणपणीच्या अंतरावर पडला.

भाऊ टेबलापाशी गेले. पेन्सिल शोधली. पंचेचाळीस गुणिले अडुसष्ट. त्याला भागिले साठ. हे टेबलावर अजून आहे, चाराच्या भागाकाराशेजारी.

"एक्कावन्न," ते म्हणाले.

"एक्कावन्न," प्रज्ञा म्हणाली. "आज मोजलं. हात टाकला आणि आत गेला."

"म्हंजी जागा बरोबर हाय."

"जागा बरोबर आहे. आकडा म्हातारा झालाय."

मावशी हसली. भाऊ हसले नाहीत, पण त्यांनी वाकून बुटाची नाडी बांधली.

सगळ्या आकड्यांना एकाच हिशेबाने गुणून वही दुरुस्त करता येईल, असे मी सुचवले. दोघांनीही माझ्याकडे एकाच नजरेने पाहिले.

"माडीवर गुणाकार करून सही करायची न्हाई," भाऊ म्हणाले. प्रज्ञा म्हणाली, "रोज थोडं बघून येते."

वही ट्रंकेतून निघाली. आता ती रोज घाटात जाऊ लागली, प्रज्ञाच्या डब्याबरोबर, डब्याच्याच पिशवीत. गँगमध्ये कोण काय म्हणाले हे मला कळलेले नाही. मुकादमाने एका झऱ्याची जागा वहीत वाढवून घेतली, एवढे कळले.

त्यानंतर काही दिवसांनी मला पुण्याच्या कार्यालयात परत बोलावण्यात आले. घरून काम संपले. मी खोली सोडायची ठरवली आणि सामान न्यायला एका संध्याकाळी टेम्पो घेऊन आलो. पुस्तके, पलंग, खुर्ची, उंच टेबल आणि यंत्र, अशी यादी केली होती. ड्रायव्हरला खाली उभे करून मी माडीवर गेलो.

पट्ट्यावर प्रज्ञा चालत होती. ड्युटीवरून आलेली, तशीच बुटांत. पांढऱ्या रेघांच्या मधून आता पिवळ्या रेघा होत्या, साठ साठवर. त्या पट्ट्यावर बरोबर बसत नव्हत्या. दर फेरीला एक स्लीपर अर्धा येई आणि त्यावर ती किंचित उडी मारी. अर्धा मोजायचा नाही असे ठरले होते, हे भाऊंनी मला नंतर सांगितले. पाट पुढच्या टोकाखाली होता, म्हणजे ती परतीच्या वाटेवर होती. घाटात असताना जागा पाहून होई, घरी येऊन बसले की निम्मे आठवत नसे, असे तिच्याही लक्षात आले होते.

भाऊ टेबलाच्या पलीकडे उभे होते, तिच्या समोर, स्थिर. त्यांच्या हातात पेन्सिल होती.

"यंत्र न्यायला," मी सुरुवात केली.

प्रज्ञाचा डावा हात वर गेला. तळवा बाहेर. तिने माझ्याकडे पाहिले नाही.

"बोगद्यात आहे, दादा."

मी दारात थांबलो. भाऊही थांबले होते. त्यांना काहीतरी विचारायचे होते हे दिसत होते, आणि ते विचारत नव्हते. जिन्यात मावशी बशी झाकलेले दोन कप घेऊन उभी होती. बोगदा साडेतीन मिनिटांचा होता. खालून ड्रायव्हरने एकदा हॉर्न वाजवला.

मग प्रज्ञाने श्वास सोडला. "दुसरा. एक्कावन्न. डावा हात."

भाऊंनी वहीत पंचेचाळीसवर आडवी रेघ मारली, एक्कावन्न लिहिले आणि वही फिरवून पेन्सिल तिच्यापुढे धरली.

टेम्पोत पुस्तके, पलंग आणि खुर्ची गेली. टेबल आणि यंत्र राहिले. पाचव्या रकान्यातली पहिली सही मी पाहिली आहे. ती वाकडी आहे, कारण ती करताना प्रज्ञा थांबली नव्हती.